३७.३३ सेकंद: मुरलीकांत पेटकर यांच्या कारकीर्दीवरच्या चर्चेचा आढावा

१९७२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पश्चिम जर्मनीत जलतरणाच्या दोन मोठ्या स्पर्धा झाल्या. म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये कॅलिफोर्नियाचा ज्यू जलतरणपटू मार्क स्पिट्झ सात शर्यतींत उतरला, सातही जिंकला आणि सातही वेळा जागतिक विक्रमाची नोंद झाली. त्याच्या काही आठवडे आधी हायडलबर्गमध्ये दिव्यांगांच्या स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत राजाराम पेटकर ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहले. त्यांना सुवर्णपदक मिळाले आणि त्यांच्या वर्गातला जागतिक विक्रमही त्यांच्या नावावर लागला. स्पिट्झच्या कारकीर्दीचा शर्यतीगणिक हिशेब मांडून झाला आहे. पेटकरांबद्दल मात्र २०१८ ची पद्मश्री मिळेपर्यंत मराठीतही फारसे लिहिले गेले नव्हते, आणि त्यानंतर लिहिले गेले ते बहुतेक त्यांच्या आयुष्यावरच्या, २०२४ च्या ‘चंदू चॅम्पियन’ या हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने.

त्यामुळे आज त्यांच्याविषयीची चर्चा सुरू झाली की तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंततात. भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण कोणाचे? १९७२ च्या त्या स्पर्धेला आजच्या पॅरालिंपिकच्या तोडीचे मानायचे का? दखल घ्यायला इतकी वर्षे का लागली? आणि त्यांच्यामागून पाण्यात दुसरे पदक का आले नाही? हे प्रश्न एकेक करून पाहायला हवेत. पण आधी ती स्पर्धा आली कुठून, ते पाहू.

स्टोक मँडेव्हिलपासून हायडलबर्गपर्यंत

लुडविग गुटमान हे ब्रेस्लाऊ शहरातले ज्यू मज्जाविकारतज्ज्ञ. १९३९ मध्ये नाझी राजवटीतून कुटुंबासह निसटून ते इंग्लंडला पोहोचले. १९४४ मध्ये स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातला पाठीच्या कण्याच्या दुखापतींचा विभाग त्यांच्याकडे सोपवला गेला. कंबरेखालून लुळा पडलेला सैनिक फार दिवस काढत नाही, असे तेव्हा डॉक्टरही धरून चालत. पडून पडून पाठीला होणाऱ्या जखमा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग, या दोन गोष्टी त्याला घेऊन जात. गुटमान यांनी रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलण्याची कडक शिस्त घातली आणि दुसरीकडे त्याच्या हातात चेंडू, धनुष्य दिले. २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली.

त्याच लंडन ऑलिंपिकमध्ये आल्फ्रेड नाकाश हा फ्रेंच ज्यू जलतरणपटू पोहला. १९३६ मध्ये तो बर्लिनला उतरला होता, १९४१ मध्ये २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा जागतिक विक्रम त्याने केला आणि १९४४ मध्ये त्याची रवानगी आउशवित्झला झाली. बायको आणि लहान मुलगी तिथून परतल्या नाहीत. नाकाश परतला आणि पुन्हा पाण्यात उतरला. नाकाश आणि गुटमान यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण मोडलेल्या शरीराला पुन्हा स्पर्धेत उतरवायचे, ही कल्पना त्या काळात कोणत्या अनुभवातून आली, ते या दोघांकडे पाहून कळते.

गुटमान यांची स्पर्धा १९५२ मध्ये डच खेळाडू आल्याने आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये ती रोमला भरली, १९६४ मध्ये टोकियोला. १९६८ मध्ये मेक्सिको सिटीने यजमानपद नाकारल्यावर इस्रायलने ते घेतले. तेल अवीवजवळच्या त्या स्पर्धेत भारताचा संघ पहिल्यांदा उतरला आणि त्यात पेटकर होते. मात्र ते तिथे टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी पार केली.

१९७२ मध्ये म्युनिकच्या ऑलिंपिक ग्रामातली घरे स्पर्धेनंतर लगेच सदनिका म्हणून द्यायची ठरली होती, म्हणून दिव्यांगांची स्पर्धा हायडलबर्गला गेली आणि ऑलिंपिकच्या आधी, ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात आटोपली. बातम्यांत पुष्कळदा ‘म्युनिक पॅरालिंपिक’ असे छापून येते, ते चूक आहे. तारखांचा हा फरक पुढे एका मुद्द्यासाठी लागणार आहे.

पेठ, लष्कर, पाणी

पेटकरांचा जन्म १९४४ चा. कृष्णा-वारणेच्या त्या पट्ट्यात कुस्तीचे वेड पूर्वापार. १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्य घेऊन आलेले खाशाबा जाधव शेजारच्या कराड तालुक्यातले. लहान वयात पेटकर लष्कराच्या बॉइज तुकडीत गेले, पुढे ईएमई या तांत्रिक दलात क्राफ्ट्समन झाले आणि मुष्टियुद्ध खेळू लागले. १९६४ मध्ये टोकियोतल्या सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते रिंगमध्ये होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या. किती, याबद्दल एकवाक्यता नाही. कुठे सात छापून येते, कुठे नऊ. एक गोळी कण्यापाशीच राहिली आणि कंबरेखालचे शरीर निकामी झाले. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात उपचार चालू असताना व्यायाम म्हणून त्यांना पाण्यात उतरवले गेले.

आमच्या परभणी भागात पोर विहिरीत पोहायला शिकते ते पाठीला डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधून, कमरेचा दोर काठावरच्या काका-मामाच्या हातात देऊन. काठावरून एकच ओरडा चालू असतो, पाय मार, पाय मार. पाय जमले की डबा सुटतो, हातांची सफाई नंतर येते. पेटकरांना हा क्रम उलटा करावा लागला. पाय मारता येत नाहीत एवढ्यावर ते भागत नाही, कारण निर्जीव पाय खाली ओढतात. कंबर बुडते, अंग पाण्यात तिरके होते, समोरून पाण्याचा अडथळा वाढतो, आणि श्वासासाठी मान वळवली की हा तिरकेपणा आणखी वाढतो. सगळा भार खांद्यांवर येतो; दिवसभर चाकाची खुर्ची ढकलणारे खांदेही तेच. मुष्टियोद्ध्याचे खांदे आणि दम त्यांच्यापाशी आधीपासून होता. या कारकीर्दीवर लिहिताना ही गोष्ट बहुतेकांकडून निसटते.

१९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल पॅराप्लेजिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य मिळवले. हायडलबर्गचे यश अचानक आले नव्हते, याचा हा पुरावा. हायडलबर्गमध्येही ते पोहण्याखेरीज भालाफेक आणि स्लॅलम, म्हणजे खुर्चीने अडथळ्यांतून वाट काढण्याची शर्यत, यांत उतरले होते. प्रवासखर्चाची सोय करण्यात क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या दिव्यांगांसाठीच्या कामाचा हातभार होता. पुढे पेटकरांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली.

पहिले सुवर्ण कोणाचे?

सर्वांत गाजलेला वाद हा. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने दहा मीटर एअर रायफलमध्ये सुवर्ण घेतले, तेव्हा ‘भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण’ असे मथळे आले. पेटकरांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे, की छत्तीस वर्षे आधी मिळालेले सुवर्ण डावलून कोणालाही पहिला म्हणता येत नाही. देशाचा झेंडा तोच, राष्ट्रगीत तेच. मग दिव्यांगाचे पदक वेगळ्या वहीत का लिहायचे?

दुसरी बाजू म्हणते, वही वेगळी आहे म्हणूनच नोंद नीट राहते. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक या दोन स्वतंत्र स्पर्धा आहेत, त्यांच्या संघटना वेगळ्या आहेत. पेटकर हे पॅरालिंपिकमधले भारताचे पहिले सुवर्णविजेते आणि बिंद्रा ऑलिंपिकमधला पहिला वैयक्तिक सुवर्णविजेता, यात कोणाचाच मान कमी होत नाही. सरकारी भाषा आता साधारण हीच आहे. मला ती बरोबर वाटते. पण २००८ च्या मथळ्यांच्या वेळी पेटकरांचे नाव फारच थोड्यांना ठाऊक होते, ही खंतही खोटी नाही.

तिसरे म्हणणे इतिहासाच्या अभ्यासकांचे आहे आणि ते जरा अडचणीत टाकणारे आहे. हायडलबर्गची स्पर्धा भरली तेव्हा ती स्टोक मँडेव्हिल परंपरेतली आंतरराष्ट्रीय स्पर्धा होती. रोमपासूनच्या या स्पर्धांची ‘पॅरालिंपिक’ म्हणून मोजणी मागाहून पक्की झाली. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीची स्थापनाच १९८९ ची. शिवाय हायडलबर्गला पदकांच्या स्पर्धा होत्या त्या कण्याची दुखापत झालेल्या, खुर्ची वापरणाऱ्या खेळाडूंपुरत्या. अंध आणि अवयव गमावलेल्या खेळाडूंना पूर्ण प्रवेश मिळाला तो १९७६ मध्ये टोरांटोत. म्हणजे आजच्या मानाने क्षेत्र अरुंद होते.

यावर उत्तरही आहे. १८९६ च्या अथेन्समध्ये शंभर मीटर फ्रीस्टाइल जिंकणारा हंगेरीचा ज्यू जलतरणपटू आल्फ्रेड हायोश उघड्या समुद्रात पोहला होता, आणि त्या पहिल्या ऑलिंपिकला देश आले होते मूठभरच. म्हणून त्याचे सुवर्ण कोणी खोडून काढत नाही. पायंडा पडतानाची स्पर्धा नेहमीच अरुंद असते. हायडलबर्गला तर चाळीसहून अधिक देशांचे हजाराच्या आसपास खेळाडू होते.

वर्गीकरणाचा मुद्दा मात्र या उत्तराने मिटत नाही. पेटकर पोहले ते ‘वर्ग ३’ मध्ये. त्या काळी दुखापत कण्याच्या कोणत्या पातळीवर आहे, यावर वैद्यकीय वर्ग ठरत. पुढे ही पद्धत बदलली. आता शारीरिक अपंगत्वासाठी एस-१ ते एस-१०, दृष्टिदोषासाठी एस-११ ते एस-१३ आणि बौद्धिक अपंगत्वासाठी एस-१४ असे वर्ग आहेत, आणि शारीरिक वर्गांत खेळाडूला पाण्यात प्रत्यक्ष काय करता येते ते पाहून वर्ग देतात. त्यामुळे ३७.३३ सेकंद आजच्या कोणत्या वर्गाच्या वेळेशी ताडून पाहायचे, याचे सरळ उत्तर देता येत नाही. याच कारणाने स्पिट्झच्या शंभर मीटरच्या ५१.२२ सेकंदांशी ते लावून पाहण्यातही अर्थ नाही. असली तुलना मथळ्यात झकास दिसते, इतकेच.

सैनिक, रुग्ण, खेळाडू

पेटकरांविषयीचे लेखन वाचत गेले की तीन वेगवेगळी माणसे भेटतात. एक, गोळ्या झेलून जगलेला सैनिक. दुसरा, नियतीवर मात करणारा रुग्ण. तिसरा, तासन्‌तास हातांची फेक सुधारणारा जलतरणपटू. पहिल्या दोघांवर पानेच्या पाने आहेत, तिसऱ्यावर परिच्छेद.

पहिल्या दोन वाचनांना आधार नाही असे नाही. गुटमान यांची मूळ कल्पनाच पुनर्वसनाची होती. रुग्णाने कर भरणारा नागरिक होऊन बाहेर पडावे, हे त्यांचे ध्येय. खेळ हे साधन. सैनिकी रुग्णालयांतून आलेल्या त्या पिढीतल्या खेळाडूंनाही ही ओळख परकी नव्हती. पेटकर स्वतः सैनिक असल्याचे अभिमानाने सांगतात. शिवाय प्रेरणेची गोष्ट नसती तर चित्रपट निघाला नसता आणि पेठच्या बाहेर हे नाव गेले नसते, हे चित्रपटाच्या बाजूचे म्हणणे खोडता येण्यासारखे नाही.

आक्षेप पुढच्या पिढीच्या दिव्यांग खेळाडूंकडून येतो, आणि तो जगभर येतो. प्रत्येक वेळी अपघातापासून सुरू होणारी गोष्ट सांगितली की खेळाचा दर्जा बाजूला पडतो, असे ते म्हणतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतो तो वेळेला नव्हे, दुखापतीला. मग खेळाडूला सराव कुठे मिळतो, प्रशिक्षक कोण, या गोष्टी विचारायच्या राहून जातात.

इथे स्पिट्झकडे पाहण्यासारखे आहे. त्याला सरावाची, तलावांची, प्रशिक्षकांची कमतरता नव्हती. १९६५ च्या मक्कबिया स्पर्धेत, म्हणजे इस्रायलमध्ये भरणाऱ्या जगभरच्या ज्यू खेळाडूंच्या मेळ्यात, पंधराव्या वर्षी त्याने चार सुवर्णे घेतली होती. १९६८ च्या मेक्सिकोत मोठी अपेक्षा असताना वैयक्तिक सुवर्ण एकही आले नाही, रिलेतली दोन आली. म्युनिकला त्याने त्याची भरपाई केली. शेवटचे सुवर्ण ४ सप्टेंबरचे. ५ सप्टेंबरच्या पहाटे पॅलेस्टिनी दहशतवादी इस्रायली खेळाडूंच्या निवासात शिरले. अकरा इस्रायली मारले गेले. स्पिट्झ ज्यू असल्याने त्यालाही धोका आहे, असे मानून त्याला पहाऱ्यात जर्मनीबाहेर नेण्यात आले. बाविसाव्या वर्षी तो स्पर्धेतून निवृत्त झाला. तेव्हापासून त्याच्यावरचे कोणतेही चरित्रपर लेखन त्या पहाटेपाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाही. तरी त्याच्या सातही शर्यतींच्या वेळा सगळ्यांना उपलब्ध आहेत, त्यांवर स्वतंत्रपणे बोलता येते. पेटकरांच्या बाबतीत गोळ्यांची गोष्ट आधी सांगितली जाते आणि वेळ हा शेवटचा आकडा म्हणून येतो.

तारखांचा मुद्दा इथे लागतो. १९७२, जर्मनी आणि दहशतवादी हल्ला या तीन गोष्टी एका वाक्यात आल्या की वाचकाला पेटकरांची शर्यत त्या हल्ल्याच्या सावलीत झाल्यासारखे वाटते. हायडलबर्गची स्पर्धा संपून तीन आठवड्यांहून अधिक काळ लोटल्यावर म्युनिकचा हल्ला झाला. पेटकरांच्या शर्यतीत पुरेसे नाट्य आहे, त्याला उसने लागत नाही.

दखल

यावर थोडक्यात. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जातो. १९८२ मध्ये आपण तो मागितला आणि तो नाकारला गेला, असे पेटकर सांगत आले आहेत. २०१८ मध्ये पद्मश्री आणि २०२४ साठीचा अर्जुन जीवनगौरव जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. एक मत असे, की हा सरळ अन्याय होता आणि दिव्यांग असल्यामुळेच झाला. दुसरे मत नियमांकडे बोट दाखवते. अर्जुन अलीकडच्या काही वर्षांतली कामगिरी मोजतो. दहा वर्षांपूर्वीच्या पदकाला त्यात जागा नव्हती आणि जीवनगौरव हा प्रकार पुष्कळ नंतर आला. दोन्हींमध्ये तथ्य आहे. पण नियमांच्या युक्तिवादाने एक गोष्ट झाकली जाते. १९७२-७३ मध्ये, जेव्हा कामगिरी ताजी होती, तेव्हा शिफारस करणारी दिव्यांग खेळाडूंची राष्ट्रीय संघटनाच भारतात नव्हती. ती १९९० च्या दशकात आली.

पेटकरांनंतर

पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये भारताने २९ पदके घेतली, त्यांत सात सुवर्णे. जलतरणात एकही नाही. त्याआधीच्या टोकियोच्या १९ पदकांतही नव्हते. हायडलबर्गचे सुवर्ण आजवर भारताचे पॅरालिंपिक जलतरणातले एकमेव पदक आहे.

महाराष्ट्रात खेळाडू नाहीत असे नव्हे. करमाळा तालुक्यातला सुयश जाधव लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावूनही रिओ २०१६ ला पोहोचला, २०१८ च्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण घेऊन आला आणि २०२० मध्ये अर्जुन पुरस्काराचा मानकरी झाला. विदर्भाच्या कांचनमाला पांडे हिने २०१७ मध्ये मेक्सिकोत अंधांच्या गटात जागतिक सुवर्ण मिळवले. तरी पॅरालिंपिकच्या व्यासपीठापर्यंत कोणी गेले नाही. मैदानी खेळांत मात्र सांगली जिल्ह्याच्याच सचिन खिलारीने पॅरिसला गोळाफेकीत रौप्य घेतले.

या फरकाची कारणे सांगताना जाणकारांत दोन तट दिसतात. एकाचे म्हणणे पैशाचे आणि पाण्याचे. गोळा मोकळ्या रानात फेकता येतो, जलतरणाला वर्षभर स्वच्छ, मोजमापाचा तलाव लागतो. खुर्चीवरच्या माणसाला तलावापर्यंत उतार लागतो, कपडे बदलायला रुंद दाराची खोली लागते, पाण्यात उतरवणारी पाळणा-खुर्ची लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात क्रीडा सुविधांबद्दलची तरतूद आहे; प्रत्यक्षात तलाव बांधून झाल्यावर उतार आठवतो, असा सार्वत्रिक अनुभव आहे. दुसरा तट म्हणतो, तलाव नंतर, आधी माणसे हवीत. मुलाचे अपंगत्व कोणत्या वर्गात बसेल, कोणत्या शर्यतीत त्याला संधी आहे, हे ओळखणारे प्रशिक्षक जिल्ह्यात हवेत. चुकीच्या वर्गात नाव नोंदले गेले तर चांगला पोहणाराही मागे पडतो, आणि वर्ग बदलला की कालचे पदक आजचे पाचवे स्थान होते.

परभणी जिल्ह्यातून पाहिले तर दोन्ही तटांचे म्हणणे पटते. गंगाखेडला गोदावरी आहे, जिंतूर तालुक्यात येलदरीचे धरण आहे, जायकवाडीचा डावा कालवा जिल्ह्यातून जातो, आणि विहिरी तर शिवाराशिवारात. उन्हाळ्यात मुटका मारणारी पोरे जिथेतिथे दिसतात. पोलिओने एक पाय बारीक राहिलेला माणूस विहिरीत सगळ्यांच्या बरोबरीने पोहतो, हेही गावोगाव पाहायला मिळते. पण विहिरीत ५० मीटर मोजता येत नाही आणि कालव्यात पोरे बुडतात, म्हणून घरचे दिव्यांग पोराला काठावरच बसवतात. पुढचा टप्पा म्हणजे पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलासारखे ठिकाण, म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि सोबत येणाऱ्या माणसाची बुडालेली मजुरी. मोठी केंद्रे थोडकी ठेवून तिथे निवासाची सोय करावी, की प्रत्येक जिल्ह्याच्या तलावात उतार आणि एक जाणता प्रशिक्षक द्यावा, यावर क्रीडाक्षेत्रात एकमत नाही. पहिल्या मार्गाने पदक लवकर येईल, असे त्याचे समर्थक म्हणतात. दुसऱ्या मार्गाचे समर्थक विचारतात, की पेठ इस्लामपूरच्या पोराला लष्कराच्या रुग्णालयाने पाण्यात उतरवले. लष्करात न गेलेल्या पोराला कोण उतरवणार?